बदकांची मोजणी होते, तब्येत कोण बघणार?

दरवर्षी जानेवारी आला की नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पक्षी मोजायला माणसं जमतात, वन विभागाचे कर्मचारी, पक्षीमित्र, कॉलेजची पोरं, दुर्बिणी, वह्या, मोठाल्या लेन्सचे कॅमेरे, आणि मग पेपरात आकडा येतो की यंदा इतके हजार पक्षी आले, मागच्या सालापेक्षा वाढले किंवा घटले. या मोजणीबद्दल मला मनापासून आदर आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चाललीय, लोक स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून थंडीत पहाटे काठावर येतात, आणि हे काम झालं नसतं तर आज आपल्या हातात काहीच नसतं. पण आकडा म्हणजे तब्येत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते जरा सविस्तर मांडायचंय.

गणनेत पक्ष्याची जात लिहितात, संख्या लिहितात. ते बदक भरलेलं आहे का वाळलेलं, थव्यातून मागं राहणारे किती, काठावर मेलेले किती सापडले आणि कशानं मेले, हे त्या आकड्यातून कळत नाही. उलट कधीकधी आकडा फसवतो. ज्या साली पाऊस कमी होतो त्या साली गावोगावचे पाझर तलाव डिसेंबरातच आटतात, मग आजूबाजूच्या सगळ्या तळ्यांवरची बदकं दोन-चार मोठ्या धरणांवर गोळा होतात, आणि तिथला आकडा एकदम फुगतो. बातमी येते विक्रमी पक्षी आले म्हणून. टँकरभोवतीची गर्दी बघून गावात पाणी मुबलक आहे असं आपण मराठवाड्यातली माणसं कधी म्हणत नाही, पण पक्ष्यांच्या बाबतीत नेमकं तेच म्हणतो. आणि रोग पसरायला सगळ्यात सोयीची वेळ हीच असते, थोडं पाणी, तेही शिळं, आणि त्यात खच्चून पक्षी.

हिवाळी मुक्काम म्हणजे काय हे आधी नीट समजून घेऊ. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, लालसरी, शेंडी बदक हे सायबेरिया, कझाकस्तान, मंगोलिया, तिबेट अशा भागांतून हजारो किलोमीटर उडून येतात. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतो, त्याच्या अंगावर यंत्र बसवून अभ्यास झालाय आणि ७ हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. आला तेव्हा तो थकलेला असतो, अंगातली चरबी संपलेली असते. मग पुढचे चार-पाच महिने त्याला इथं खायचंय, पिसं सुधारायचीत, बऱ्याच बदकांच्या तर जोड्याही हिवाळ्यातच जमतात, आणि मार्चच्या आसपास परत जाण्याइतकी चरबी अंगावर चढवायचीय. ही चरबी चढली नाही तर मादी उशिरा निघते, उशिरा पोचते, अंडी कमी घालते. म्हणजे आपल्याकडं काय बिघडलं त्याचा परिणाम तिकडं सायबेरियात दिसतो, आपल्याला दिसतच नाही. आपल्या काठावर एकही बदक मेलं नाही तरी आपला हिवाळा त्यांच्यासाठी नासलेला असू शकतो. म्हणून नुसत्या मोजणीवर समाधान मानायला मी तयार नाही.

जगात समुद्रकाठच्या हिवाळी ठिकाणांवर हे सगळं आधी होऊन गेलंय, आणि त्यांना ते बऱ्याच उशिरा कळलं. १९३० च्या दशकात उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर ईलग्रास नावाच्या समुद्री गवतावर रोग पडला आणि बहुतेक गवत गेलं. त्या गवतावर हिवाळा काढणाऱ्या ब्रेंट हंसांची संख्या मग कोसळली. कुणी त्यांना गोळी घातली नव्हती, फक्त ताटातलं गेलं. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कामार्ग दलदलीत शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बंदुका चालवल्या, ते शिशाचे छर्रे चिखलात साठले, आणि बदकं अन्न दळायला म्हणून जे बारीक खडे गिळतात त्यात हे छर्रेही गिळतात. पोटातल्या दळणाच्या पिशवीत शिसं झिजतं, रक्तात उतरतं, पक्षी हळूहळू वाळत जातो, पंख धरवत नाहीत, आणि गवतात कुठंतरी जाऊन मरतो. बंदूक बंद झाली तरी छर्रे चिखलात तसेच पडून राहतात. अमेरिकेनं १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्र्यांवर देशभर बंदी आणली, युरोपियन युनियनला पाणथळ जागांसाठी ते करायला २०२३ उजाडलं. इंग्लंडमध्ये गळाला लावायची शिशाची वजनं गिळून राजहंस मरत होते म्हणून १९८७ मध्ये त्या वजनांवर बंदी आली.

आणि ताजं उदाहरण २०२१-२२ च्या हिवाळ्यातलं. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या मधल्या सॉलवे खाडीवर आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचे बार्नॅकल हंस दरवर्षी हिवाळ्याला येतात, सगळेच्या सगळे तिथंच. त्या एका हिवाळ्यात बर्ड फ्लूनं त्यांच्यातले जवळपास एक तृतीयांश मेले. एकाच खाडीवर सगळी जमात, एक विषाणू, एक हिवाळा, आणि तीनातला एक गेला.

आता कुणी म्हणेल मराठवाड्याला समुद्र कुठाय. नाही, पण नाथसागर आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि पैठणच्या वर गोदावरी जवळपास ५५ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी २७ किलोमीटर रुंद पसरली. पूर्ण भरलं तर १०२ टीएमसी पाणी. ताटासारखं उथळ धरण, त्यामुळं पाणी थोडं जरी उतरलं तरी मैलभर काठ उघडा पडतो, आणि तो ओला चिखल, ते गुडघाभर पाणी, त्यातल्या पाणवनस्पती, किडे, गोगलगायी, हे बदकांना समुद्रकाठच्या चिखलपट्टीसारखंच मिळतं. १९८६ मध्ये हे पक्षी अभयारण्य झालं. येलदरी, माजलगाव, मांजरा, विष्णुपुरी इथंही पक्षी उतरतात, पण एवढा मोठा काठ दुसरीकडं नाही.

या काठाची गंमत अशी की धरण तुडुंब भरलं म्हणजे बदकांना चांगलं, असं नाही. तलवार बदक, थापट्या, छोटी चक्रांग बदकं बुडी मारत नाहीत, शेपूट वर करून डोकं पाण्यात घालतात, त्यांना फूट-दीड फूट पाणी लागतं. धरण १०० टक्के भरलेलं असलं की तळापर्यंत त्यांची चोच पोचतच नाही, सगळी उथळ जागा खोल होऊन जाते. पाणी हळूहळू उतरत गेलं तर रोज नवा काठ उघडतो आणि रोज नवं ताट वाढलं जातं. एकदम उतरलं तर सगळं वाळून जातं. म्हणजे कालव्याला कधी किती पाणी सोडायचं या निर्णयात बदकांची तब्येत दडलेली आहे, आणि ते ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत अभयारण्याचा माणूस बसला पाहिजे असं मला वाटतं. रोटेशन त्यानं ठरवावं असं नाही, शेतीला पाणी हे आधी, यात मला शंका नाही. पण तेच पाणी चार दिवस पुढंमागं, थोडं संथ सोडता येत असेल तर त्यात शेतकऱ्याचं काही जात नाही.

आता गाळपेरीकडं येतो, कारण खरं दुखणं तिथं आहे आणि त्यावर बोलायला सगळे कचरतात. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत हरभरा, गहू, ज्वारी, कांदा घेतात. जमीन ओली, सुपीक, फुकटात खत. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांच्यातल्या कितीतरी घरांचा तो आधार आहे, त्यांना अतिक्रमण करणारे म्हणून हाकलून द्या असं मी कधीच म्हणणार नाही, ज्यांच्या शेतावर हे धरण उभंय त्यांना काठावरूनही उठवायचं हे न्यायाचं नाही. पण त्या पिकावर फवारा बसतो, आणि पीक ते पाणी हे अंतर कधीकधी चार पावलांचं असतं. पट्टकदंब हंस तर सरळ हरभऱ्यात, गव्हात उतरून चरतो. शेतकरी वैतागतो, त्याचं वैतागणं खरंय, रात्रीतून वाफा साफ झाला तर कोण गप्प बसेल. मग फटाके, हाकारे, कुत्री, आणि कुठंकुठं विष.

फोरेट, ज्याला गावात सगळे थिमेट म्हणतात, त्याच्या वापरावर २०२० च्या शेवटापासून देशात बंदी आहे. दाणेदार औषध आहे, आणि दाणे टिपणाऱ्या पक्ष्याला दाणा आणि औषध यातला फरक कळत नाही. बंदी झाली ही चांगली गोष्ट, पण अभयारण्याच्या काठावर कोणतं औषध वापरलं जातंय याची पाहणी कृषी सहायकानं सीझनला दोनदा तरी करायला हवी. आणि ज्याचं पीक हंसानं खाल्लं त्याला भरपाई मिळायला हवी, रानडुकरानं, हरणानं पीक खाल्लं तर पंचनामा होतो, मग पाहुण्या हंसानं खाल्लं तर का नको? पैसे वेळेवर मिळाले तर विषाकडं हात जाणार नाही. नुसतं प्रबोधन करून हे होत नाही, मला तरी प्रबोधनावर इतका भरवसा नाही.

मासेमारीचंही तसंच. भोई, कहार समाजाची कितीतरी कुटुंबं या पाण्यावर जगतात. नायलॉनचं बारीक जाळं पाण्यात दिसत नाही, लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारून खातात, ते जाळ्यात अडकून गुदमरतात. फाटलेलं जाळं कुणी काठावर टाकून दिलं तर ते वर्षानुवर्षं मारत राहतं. जाळ्याला खाली बसवायला शिशाच्या गोळ्या लावतात, त्या तुटून चिखलात पडल्या की पुढची गोष्ट कामार्गची. जुनं जाळं परत घेऊन नव्यावर सूट द्या, शिशाऐवजी लोखंडाची किंवा भाजलेल्या मातीची वजनं द्या, मत्स्यव्यवसाय खात्याला हे अवघड नाही.

आणि सांडपाणी. छत्रपती संभाजीनगरातून खाम नदी निघते, शहराची घाण घेऊन खाली गोदावरीकडं, नाथसागराकडं जाते. अलीकडं खामच्या काठांची साफसफाई, सुशोभीकरण झालंय आणि ते चांगलं काम आहे, पण नदीत काय वाहतंय हा प्रश्न काठ सुंदर झाल्यानं सुटत नाही. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, शेतातल्या खताचं त्यात मिसळतं, मग उन्हं तापली की निळंहिरवं शेवाळ वाढतं, त्यातल्या काही जाती विष सोडतात, जलपर्णी पसरते, रात्री पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. आणि मेलेले मासे, मेलेले किडे, कुजणारं पाणी, उष्णता, हे सगळं एकत्र आलं की बॉट्युलिझम.

यावर जरा थांबतो, कारण मराठवाड्यात याची भीती मला बर्ड फ्लूपेक्षा जास्त वाटते. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर तलावावर १८ हजारांच्या वर पक्षी मेले, त्यात थापट्या बदकं खूप होती. पहिले काही दिवस नेमकं कारण काय यावरच चर्चा चालली, कुणी मीठ म्हणालं, कुणी विषबाधा, कुणी बर्ड फ्लू. भोपाळच्या प्राणिरोग प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला, बर्ड फ्लू नाही. मग बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं बॉट्युलिझम असल्याचं सांगितलं. या रोगाचे जिवाणू चिखलात वर्षानुवर्षं झोपलेले असतात. ऑक्सिजन नसलेलं गरम कुजकं काही मिळालं की ते जागे होतात आणि विष तयार करतात. पक्षी मरतो, मढ्यावर अळ्या होतात, अळ्यांना त्या विषाचं काही होत नाही पण त्यांच्या अंगात ते साठतं, दुसरं बदक येऊन त्या अळ्या खातं, त्याची आधी ताकद जाते, मग मान लुळी पडते, उथळ पाण्यात मान वर धरता येत नाही म्हणून बुडून मरतं. मग त्याच्यावर अळ्या. एका मढ्यापासून दहा मढी, दहापासून शंभर.

म्हणजे पहिलं मढं उचलणं हाच उपाय. लस नाही, फवारणी नाही, काठ फिरणं आणि मेलेला पक्षी उचलून नीट विल्हेवाट लावणं. पहिल्या दोन-तीन दिवसांत झालं तर साथ जागच्या जागी थांबते, आठवडा गेला तर हाताबाहेर. लुळ्या पडलेल्या पक्ष्यांनाही चोचीतून स्वच्छ पाणी देऊन, सावलीत ठेवून वाचवता येतं, सांभरला असे शेकडो पक्षी वाचवले. नाथसागराचा काठ उथळ, आपल्याकडं ऑक्टोबरचं ऊन आणि फेब्रुवारीनंतरचं ऊन दोन्ही कडक, पाणी झपाट्यानं उतरणारं, सांडपाणी आहेच. सांभरला जे घडलं ते घडायला लागणारं सगळं सामान इथं जमलेलं आहे.

बर्ड फ्लूचं बोलायचं तर त्यात मला सगळ्यात जास्त राग येतो तो दोष देण्याच्या पद्धतीचा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात एका पोल्ट्रीत दोनेक दिवसांत सुमारे ८०० कोंबड्या मेल्या, भोपाळहून रिपोर्ट आला, बर्ड फ्लू. मग गावातल्या हजारो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, चिकन-अंड्यांचे भाव पडले, लहान पोल्ट्रीवाले बसले ते बसलेच. त्याच महिन्यात हिमाचलच्या पोंग धरणावर चार हजारांच्या वर पक्षी मेले, बहुतेक पट्टकदंब हंस. आणि मग गावात, बसमध्ये, व्हॉट्सॲपवर एकच, बाहेरचे पक्षी रोग आणायलेत, त्यांना हाकला. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात उदगीरला पन्नासच्या वर कावळे मेले, तिथंही बर्ड फ्लू निघाला, पुन्हा तीच चर्चा.

रानटी बदकांच्या आतड्यात साधे सौम्य फ्लूचे विषाणू पूर्वापार असतात आणि बदकाला बहुधा काही होत नाही, हे खरं. पण आज बर्ड फ्लूचा जो जहाल विषाणू, एच५एन१, जगभर पक्षी मारतोय त्याचं मूळ १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांमध्ये सापडलं. सौम्य विषाणू पाळीव पक्ष्यांच्या दाटीत शिरतो, तिथं हजारो पक्षी चिकटून उभे, तिथं तो जहाल होतो, आणि मग तिथून परत रानटी पक्ष्यांत जातो. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई तलावावर सहा हजारांच्या आसपास रानटी पक्षी मेले, त्यात पट्टकदंब हंसच जास्त होते. म्हणजे हंस या रोगाचा मालक नाही, तो आधी रोगी आहे. तो नेतोही, हे मी नाकारत नाही, आणि म्हणूनच तर त्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं. पाहुण्या पक्ष्याला हाकलून काय होणार, हाकललेला थवा घाबरून दुसऱ्या तळ्यावर जाणार, अंगातली चरबी जाळणार, अशक्त होणार, आणि रोग असलाच तर तो जास्त लांब नेणार. त्यापेक्षा धरणाकाठच्या पोल्ट्रीला बारीक जाळी बसवा, कोंबड्यांना तळ्याचं पाणी पाजू नका, पाळीव बदकं अभयारण्याच्या पाण्यात सोडू नका. मुरुंब्यातल्या माणसाचं नुकसान जितकं मला दिसतं तितकाच पोंगवरचा हंसही दिसतो, आणि दोघांना वाचवायचा रस्ता एकच आहे, रोग लवकर कळणं.

हे काही आत्ताचं शहाणपण नाही. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात क्यासनूर तापाची साथ आली तेव्हा संशय असा होता की पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांमधून हे बाहेरून आलं का. त्यातून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं १९५९ पासून पक्ष्यांच्या पायात वाळे घालून स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू केला, सलीम अली त्याचे प्रमुख. ज्यांच्या नावाचं सरोवर संभाजीनगरात दिल्ली गेटजवळ आहे तेच. म्हणजे आपल्या देशात स्थलांतरित पक्ष्यांचा एवढा मोठा अभ्यास उभाच राहिला तो आरोग्याच्या प्रश्नावर. इतक्या वर्षांनी आपण मात्र फोटो आणि आकडा यावर येऊन थांबलोय, हे मला खुपतं.

मग करायचं काय? मराठवाड्यात दोन पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, परभणीला आणि उदगीरला. नमुना भोपाळला जाणारच, एच५एन१ ची पक्की तपासणी त्या उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच झाली पाहिजे, त्यात तडजोड नको. पण मेलेल्या बदकाचं शवविच्छेदन, छातीचं हाड किती वर आलंय म्हणजे पक्षी किती वाळलाय, दळणाच्या पिशवीत शिसं आहे का, आतड्यात जंत किती, यकृताचा रंग काय, हे परभणीत किंवा उदगीरला होऊ शकतं, आणि शिकणाऱ्या मुलांना यापेक्षा चांगलं प्रॅक्टिकल कुठं मिळणार? नोव्हेंबर ते मार्च दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या काठावरून चालत जायचं, जिवंत पक्ष्यांबरोबर मेलेले आणि लुळे पक्षी लिहायचे, पाण्याचं तापमान आणि ऑक्सिजन मोजायचा, ताज्या विष्ठेचे नमुने गोळा करायचे. यासाठी एकही पक्षी पकडायला लागत नाही. थव्यातलं तलवार बदक दुर्बिणीतून बघून त्याचं पोट भरलेलं आहे का खपाटीला गेलंय हे जाणकार माणूस सांगू शकतो, परदेशात हंस-बदकांच्या पोटाच्या आकारावरून चरबीचा अंदाज घ्यायची पद्धत रुळलेली आहे. आपले पक्षीमित्र सातशे पावलांवरून माळभिंगरी ओळखतात, त्यांना हे शिकायला एक हिवाळा पुरेल.

ओडिशाच्या चिलिका सरोवराचं उदाहरण मला यासाठी महत्त्वाचं वाटतं की तिथं पाण्याची तब्येत आधी सुधारली. समुद्राचं तोंड गाळानं बुजत गेलं, खारेपणा घटला, गवत माजलं, मासळी गेली. २००० मध्ये नवं तोंड उघडलं, समुद्राचं पाणी आत आलं, मासळी परतली, मच्छीमारांची कमाई वाढली, आणि धोक्यातल्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतून २००२ मध्ये चिलिका बाहेर पडलं. पक्षी आणि मच्छीमार तिथं एकाच दुरुस्तीनं सावरले.

इथं एक प्रश्न हमखास येतो आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. ज्या भागात शेतकरी आत्महत्या करतो, ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं बदकांच्या तब्येतीवर पैसा घालायचा? मी याला असं उत्तर देतो की नाथसागराचं पाणी पितं कोण? संभाजीनगर पितं, जालना पितं, काठावरची शेकडो गावं पितात. थापट्या बदक दिवसभर तेच पाणी चोचीतून गाळतं, त्यातलं शिसं, औषध, शेवाळाचं विष, सगळं आधी त्याच्या अंगात उतरतं. आपल्या नळापर्यंत यायच्या आत ते पाणी त्याच्या पोटातून गेलेलं असतं. त्याची तपासणी म्हणजे आपल्या पाण्याची तपासणी, आणि तीही स्वस्तातली. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी माझं मत आहे की जो जीव हिमालय ओलांडून आपल्या काठावर उतरतो त्याला आपण विष आणि घाण देऊन परत पाठवणं वाईटच आहे, माणसाला त्याचा काही उपयोग असो नसो.

नाथसागरावर तरंगत्या सोलरचा प्रकल्प येतोय. त्याविरुद्ध कहार समाजाच्या संघटनेनं केलेली याचिका हरित लवादानं आणि मग २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही फेटाळली. वीज लागते, सौर वीज चांगलीच, कोळशापेक्षा कितीतरी बरी, आणि मी कोर्टाशी वाद घालत नाही. पण पॅनल कुठं टाकणार हा प्रश्न अजून आपल्या हातात आहे. उथळ काठ, जिथं बदकं चरतात, तो मोकळा ठेवून खोल पाण्यावर पॅनल टाकता येतात का, त्याखाली ऑक्सिजन किती राहतो, बोटींची ये-जा हिवाळ्यात कमी ठेवता येते का, याचा अभ्यास पॅनल पडायच्या आधी व्हायला हवा, आणि आधीची तब्येत कशी होती याची नोंदच नसेल तर नंतर काय बिघडलं हे कोण सिद्ध करणार? म्हणून ही तपासणी याच हिवाळ्यापासून सुरू व्हायला पाहिजे, पुढच्या नाही.

याला फार मोठा निधी लागत नाही. वन विभाग, पशुसंवर्धन, जलसंपदा, मत्स्यव्यवसाय, आणि ही दोन कॉलेजं, यांची ऑक्टोबर संपायच्या आत पैठणला एक बैठक, मेलेला पक्षी दिसला तर कुणी उचलायचा, हातमोजे-मास्क कुठं ठेवलेत, नमुना कुणाच्या गाडीतून जायचा, रिपोर्ट किती दिवसांत काठावरच्या गावाला सांगायचा, एवढं कागदावर ठरलं तरी अर्धं काम झालं. आणि त्या बैठकीला पैठण-शेवगावकडचे भोई, कहार, गाळपेर करणारे शेतकरी आणि मेंढरं घेऊन काठानं फिरणारे धनगर बोलवा, मागच्या खुर्चीवर बसवायला नाही, बोलायला. मेलेलं बदक सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं, आणि ते दिसल्यावर त्यांनी फोन कुणाला करायचा तो नंबर आज त्यांच्यातल्या एकाच्याही मोबाईलमध्ये सेव्ह नाही.